खंडग्रास आणि खग्रास: सावलीचा हिशेब

चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होते, आणि या सावलीचे दोन भाग असतात. आत गडद प्रच्छाया, तिच्याभोवती फिकट उपच्छाया. चंद्र फक्त उपच्छायेत शिरला तर तो किंचित मळकट दिसतो, अनेकांच्या लक्षातही येत नाही. चंद्राचा काही भाग प्रच्छायेत गेला की खंडग्रास, पूर्ण बिंब गेले की खग्रास.

चंद्राच्या अंतरावर प्रच्छाया साधारण ९,००० किमी रुंद असते, चंद्राच्या व्यासाच्या अडीचपटीहून जास्त. चंद्र तासाभरात जवळपास स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. म्हणून सावलीच्या मध्यातून गेला तर खग्रास अवस्था दीड तासाहून अधिक टिकते. २७ जुलै २०१८ ला ती सुमारे १०३ मिनिटे होती. काठावरून गेला तर काही मिनिटांतच संपते.

खंडग्रासात झाकलेला भाग काळा का दिसतो? तिथेही तांबूस प्रकाश असतोच, पण शेजारच्या उजळ भागापुढे डोळ्यांना तो जाणवत नाही. १९ नोव्हेंबर २०२१ च्या ग्रहणात ९७ टक्के बिंब झाकले गेले, तेव्हा मात्र लाली स्पष्ट दिसली. हा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून वाकून येतो. निळा वाटेतच विखुरतो. वातावरणात धूळ जास्त असेल तर तो आणखी मंदावतो: फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ च्या उद्रेकानंतर, डिसेंबर १९९२ चे ग्रहण फार काळपट होते.

फोटो बहुतेक इथेच फसतात: खंडग्रासासाठी लावलेले एक्स्पोजर (कॅमेरा प्रकाश घेतो तो वेळ) खग्रासात तसेच राहते. तेव्हा सेकंदाच्या अंशाऐवजी एक-दोन सेकंद लागतात. ट्रायपॉड हवाच.