ठेक्याखालचे शब्द

मंगळवार, रात्र

वॉशिंग्टनमध्ये फॅरागट नॉर्थ मेट्रो स्टेशनातून वर आलं की कनेक्टिकट अव्हेन्यूवर मेफ्लॉवर हॉटेल लागतं. अकरा वर्षं मी रोज त्याच्यासमोरून ऑफिसला जाते आहे. आज पहिल्यांदा थांबले. दारवान पाहुण्यांच्या बॅगा उतरवून घेत होता आणि मी फुटपाथच्या कडेला, हातात डबा घेऊन उभी. इथेच कुठेतरी ती बाई उभी राहायची. काळे कपडे, चेहऱ्यावर नीट मेकअप, तोंडाने चर्चमधली गाणी. दुकानातली नोकरी गेली होती, राहायला घर नव्हतं. लोकांपुढे हात पसरायचाच आहे तर निदान नीटनेटकं दिसावं, असं तिचं म्हणणं. गायिका क्रिस्टल वॉटर्सने तिला पाहिलं, आणि 1991 साली तिच्यावरचं ‘जिप्सी वुमन’ हे गाणं आलं. अमेरिकेत ते आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या.

मी ते पहिल्यांदा सांगलीत ऐकलं, काकांकडे केबल आली तेव्हा. कळली ती फक्त ला-लाची ओळ. आम्ही दोघी बहिणी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती म्हणायचो. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून बाकीचं कळलं नाही, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. पण ज्यांची ती मायबोली, त्यांचंही तेच झालं होतं! गाणं बेघर बाईचं आहे हे लोकांच्या लक्षात यावं म्हणून शीर्षकापुढे कंसात ‘ती बेघर आहे’ असं सांगावं लागलं. टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात क्रिस्टलची नक्कल झाली, तीही हिच्या गाण्यांना काही अर्थच नसतो अशी. हे वाचलं तेव्हा मला फार राग आला. अजूनही आहे.

तीन वर्षांनी, 1994 मध्ये, तिचा दुसरा अल्बम आला. त्याचं नाव ‘स्टोरीटेलर’. गोष्ट सांगणारी. हे नाव म्हणजे त्या सगळ्यांना दिलेलं उत्तर आहे, असं मी मानते.

बुधवार

‘स्टोरीटेलर’ची सीडी मागच्या महिन्यात बाल्टिमोरच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मिळाली, तीन डॉलरला. बाल्टिमोरलाच मिळाली याचा वेगळा आनंद आहे, कारण या संगीताची जुळवाजुळव तिथलीच. बेसमेंट बॉइज म्हणून तिघांचा गट, जे स्टाइनहोर, टेडी डग्लस आणि टॉमी डेव्हिस. ठेका आणि बेस त्यांचा, शब्द क्रिस्टलचे. अल्बममधल्या ‘100% प्युअर लव्ह’ या गाण्याच्या गीतकारांत तिघांबरोबर तिचंही नाव आहे.

हे नाव असणं साधं नाही. हाउस संगीतात, म्हणजे क्लबमधल्या या नाचाच्या संगीतात, बाईचा आवाज म्हणजे एक वाद्य, असंच धरून चालायचे. गायिका मार्था वॉशचं काय झालं! 1990 मध्ये ‘गोना मेक यू स्वेट’ या गाण्यात तो प्रचंड आवाज तिचा आणि व्हिडिओत ओठ हलवणारी दुसरीच तरुणी. आपलं नाव लागावं म्हणून मार्थाला कोर्टात जावं लागलं. त्याच काळात क्रिस्टल स्वतः लिहीत होती. लिहिणं तिला नवीन नव्हतं, कविता ती शाळेपासून करायची. वडील जॅझ वाजवणारे, आजोबांच्या पिढीतली एथेल वॉटर्स तर मोठी गायिका. तरी हिने हॉवर्ड विद्यापीठात कॉम्प्युटर शिकून इथे वॉशिंग्टनलाच सरकारी नोकरी धरली होती, पॅरोल बोर्डात. दिवसभर पडद्यापुढे बसणारी बाई गाण्यात इतकं काही ठेवू शकते, हे मला कामावरून परत येताना ट्रेनमध्ये फार धीर देतं.

तिचा आवाजही बाकीच्या हाउस गायिकांसारखा नाही. चर्चमध्ये घडलेला, छप्पर उडवणारा तो गळा तिच्याकडे नाही. ती सपाट, जरा नाकातून, बोलल्यासारखी गाते. शेजारीण कुंपणावरून काही सांगते आहे असं वाटतं. पूर्वी मला ही उणीव वाटायची. आता वाटतं, गोष्ट सांगायची तर असाच आवाज हवा. मोठ्या आवाजापुढे आपण थक्क होतो आणि शब्द ऐकायचेच राहतात.

‘100% प्युअर लव्ह’ अमेरिकेच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि 45 आठवडे तिथे राहिलं. जवळजवळ वर्षभर! अल्बम मात्र त्या मानाने कुणी घेतला नाही. त्याचं कारण या संगीताच्या रीतीतच आहे. हाउसचा खरा व्यवहार तेव्हा अल्बमवर चालत नसे, तो चालायचा बारा इंची सिंगलवर. एकाच गाण्याचे पाच-सहा अवतार त्या तबकडीवर असायचे, डीजेला हवा तो त्याने लावावा. त्यातला एक ‘डब’. डबमध्ये कडवी काढून टाकतात. ठेका राहतो, बेस राहतो, गायिकेचा एखादा हुंकार नाहीतर अर्धी ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. रात्री दोन वाजता नाचणाऱ्याला तेवढंच पुरतं, आणि ते वाईट नाही, मीही नाचले आहे. पण गोष्ट तिथे गळून पडते. म्हणून या गायिकांचे अल्बम मला जपून ठेवावेसे वाटतात. तिने जे लिहिलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी न कापलेलं, तिथेच सापडतं.

गुरुवार

आज काही ऐकलं नाही. ऑफिसात रिलीज होतं, घरी यायला नऊ वाजले.

शनिवार, रात्री नऊ

संध्याकाळी सगळा अल्बम सलग लावला. मी थालीपिठं लावत होते, लेक टेबलाशी अभ्यास करत होती. ‘घेटो डे’ आलं आणि तिने मान वर केली. त्यात नाचायची घाई नाही, उन्हाळ्यातल्या गल्लीचा संथपणा आहे. ज्या वस्तीचं नाव बातम्यांत फक्त गोळीबारासाठी येतं, तिथलाही एखादा दिवस छान असतो, हे इतक्या सहज कुणी म्हटलेलं मी फार ऐकलेलं नाही.

मग ‘लिसन फॉर माय बीप’. “आई, बीप कसला?” पेजर म्हणजे काय ते तिला समजावून सांगितलं. नंबर यायचा, मग फोन शोधत जायचं आणि परत फोन करायचा. तिला ते फारच आवडलं.

थालीपीठ थापता थापता मला आजी आठवली. पहाटे जात्यावर बसायची. घरघर एका लयीत चालायची, न थांबता, आणि तिच्यावर ओवी. त्या घरघरीत कुणी ऐकत नाही म्हणून तर तिला हवं ते बोलता यायचं. माहेरचं, मेलेल्या मुलाचं, सासूचं. मी बाजूला गोधडीत पडून असायचे, अर्धवट जागी, आणि त्या घरघरीवर पुन्हा झोप लागायची.

मघापासून एक ओवी आठवायचा प्रयत्न करते आहे. चाल सबंध येते, ती मी गुणगुणूनही पाहिली. मधला सूर कुठे लांबवायची तेही आठवतं. शब्द नाहीत. ‘पहिली माझी ओवी’ एवढं येतं, पुढे नुसती चाल.

आत्याला येत असतील. तिकडे रविवारचे साडेसहा वाजलेत, ती उठली असेल. वही जवळ घेऊन बसले आहे, आता फोन लावते.