वेंगुर्ल्यातली डच वखार

मालवणहून परुळ्यामार्गे शिरोड्याला निघालो होतो. गाडी हिचा भाऊ चालवत होता. वेंगुर्ल्यात रस्त्याचं काम चालू, म्हणून त्याने गाडी आतल्या वाटेला घातली आणि झाडांमागे जांभ्याची एक जंगी भिंत दिसली. किल्ला म्हणावं तर लहान, वाडा म्हणावं तर भिंती फारच जाड. छप्पर नाही. चिऱ्यांच्या सांध्यांत पिंपळाची मुळं अशी घुसलेली की आता भिंतीने झाडाला धरलंय की झाडाने भिंतीला, सांगणं कठीण.

स्कूटरवरचे एक काका थांबले. "डचांची वखार ती. भायरसून बघा. रान वाढलाहा, आत जनावर असात." जनावर म्हणजे साप, एवढी मालवणी आमच्या चिरंजीवांना आईकडून येते. ते गाडीत जाऊन बसले.

मी मात्र थबकलो. आम्ही राहतो त्या नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये याच डच ईस्ट इंडिया कंपनीची इमारत कालव्याकाठी अजून ठाकठीक उभी आहे. 1602 साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टची. वेंगुर्ल्यात ती आली 1637 मध्ये, आदिलशाहीच्या मुलखात. व्यापार होताच, पण खरा डोळा गोव्यावर. पोर्तुगीजांची कोंडी करायला डच गलबतं मांडवीच्या तोंडाशी ठाण मांडून बसत, त्यांना पाणी आणि रसद लागे, आणि वेंगुर्ला गोव्याच्या अगदी उशाला. पुढे 1663 मध्ये कोचीनच हाती आल्यावर इथलं महत्त्व ओसरत गेलं.

इथे बसलेले डच नुसती मिरी मोजत नव्हते, आसपासच्या राजकारणाच्या बातम्याही वरिष्ठांना कळवत होते. त्यांची पत्रं शिवकाळाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. म्हणजे कागद हेगमध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले, आणि ते लिहिले गेले त्या गावातल्या इमारतीवर रान. वखार राज्य संरक्षित स्मारक आहे. निदान ते रान तरी दर पावसाळ्यानंतर काढायला काय हरकत आहे?

परत आल्यावर कंपनीच्या कागदांची काही पानं संगणकावर उघडली. सतराव्या शतकातलं ते वळणदार अक्षर बघून शेजारच्या आजींना बोलावलं. जन्माने डच, पण त्यांनाही पहिली ओळ लागेना. मग चहा झाला, आणि वेंगुर्ल्याहून आणलेल्या काजूंचा फडशा.