फुकटच्या इन्स्टॉलेशनपायी गेलेले १९ दिवस

दाराला व्हिडिओ डोअरबेल, म्हणजे दारात कोण आलं ते मोबाईलवर दाखवणारी कॅमेऱ्याची बेल, लावून आता सात महिने झाले, तरी त्या १९ दिवसांचा राग काही जात नाही, म्हणून लिहून काढतो. लावायला लागली २५ मिनिटं, वाट पाहिली १९ दिवस.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढं आतमध्ये. कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही दोघं नवराबायको सकाळी आठलाच वावरात, घरी आई एकटी. तिला कमी ऐकू येते. ती आत स्वयंपाकघरात असली की दारात कोणी बोंबलला तरी समजत नाही. कुरिअरवाला दोनदा परत गेला, ते एक ठीक. पण एकदा चादरी विकणारा ढेलजेतून सरळ मधल्या खोलीत येऊन उभा, आई दचकली, तेव्हा ठरवलं. दिवाळीच्या ऑफरमध्ये बॅटरीवाली बेल मागवली, सोबत घरात लावायचा मोठ्या आवाजाचा चाईम. डबा चार दिवसांत आला. इथपर्यंत काही तक्रार नाही.

डब्यावर लिहिलेलं, फ्री इन्स्टॉलेशन. इथंच फसलो.

कस्टमर केअरला फोन केला, पिनकोड सांगितला, बाई गोड आवाजात म्हणे ४८ तासांत माणूस येईल. तिसऱ्या दिवशी मी वावरात न जाता ओट्यावर बसून, वेचणाऱ्या बायांना बायकोनं एकटीनं सांभाळलं. दुपारी साडेबाराला फोन आला की सर मी यवतमाळवरून निघालो, पण तुमचं गाव लांब पडते, तुम्ही डबा घेऊन दारव्ह्याले या ना, बसस्टँडवर भेटतो. आता डोअरबेल काय चप्पल आहे का, बसस्टँडवर मापाला लावून घ्यायला? मी म्हटलं भाऊ, भिंत कशी आणू? तो हसला, म्हणे बरं उद्या येतो, तुम्हाला मेसेजमध्ये एक कोड आला असेल तेवढा सांगा, नाहीतर माझी व्हिजिट लागत नाही, पोटाचा प्रश्न आहे. मला दया आली. कोड सांगितला.

संध्याकाळी मेसेज, "आपले काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे, कृपया रेटिंग द्या."

मी तिथंच डोक्याला हात लावला. तो कोड म्हणजे काम झाल्यावर आपण द्यायची सही असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत झालं. टीव्ही असो, फ्रीज असो, आरओ असो, माणूस समोर उभा आहे आणि वस्तू चालू झालेली डोळ्यानं दिसली, तरच कोड. फोनवर बापाला पण सांगू नका.

पुढचे दिवस नुसते फोन. एक नंबर दाबा, दोन नंबर दाबा, मग गाणं. आमच्याकडे धड रेंज फक्त गच्चीवर येते, त्यामुळं मी उन्हात गच्चीवर ते गाणं ऐकून राहिलो. आई खालून, "कोनाशी बोलून राह्यला रे इतका वेळ?" मी म्हटलं कोणाशीच नाही. खरंच होतं ते. माणूस लागला की तो हिंदीत म्हणणार, सर आपका टिकट तो क्लोज है, म्हणजे माझी नोंदवलेली मागणीच बंद. उघडा म्हटलं तर बंद झालेलं उघडत नाही, नवीन टाका. नवीन टाकायला गेलो तर एका सिरीयल नंबरवर फ्री इन्स्टॉलेशन एकदाच, ते तुम्ही वापरलं, आता ४९९ रुपये. म्हणजे बेल डब्यात, भिंत कोरी, आणि कागदोपत्री माझ्या दाराला बेल लागून आठ दिवस झालेले! सुपरवायझरला द्या म्हटलं की फोन कट. एकदा तर पंधरा मिनिटांनंतर बोलायला लागलो आणि लाईट नसल्यानं चार्ज न झालेला माझाच मोबाईल बंद पडला, तो राग कोणावर काढू?

शेवटी तालुक्याच्या शाळेत असलेल्या मित्रानं सांगितलं, १९१५ लाव. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येते. बिलाचा फोटो, तिकीट नंबर आणि तो "समाधानकारक"वाला मेसेज जपून ठेवला होता, तो कामी आला. मेसेज डिलीट करत जाऊ नका. दोन दिवसांत कंपनीचा स्वतःहून फोन, सॉरी सर, पण माणूस पाठवायला अजून आठवडा लागेल, तोवर तुम्हीच लावून पहा, जुन्या बेलची वायर असेल तर तीच मागं जोडून द्या, चार्जिंगची कटकट नाही.

हे ऐकून मी खरंच जोडणार होतो. गावातल्या वायरमन पोराला बोलावलं, त्यानं आधी पुस्तिका मागितली. त्यात वायरसाठी १६ ते २४ व्होल्ट एसी लिहिलेलं. आपल्या घरातली टिंगटाँग बेल सरळ २३० वर चालते. "दादा, जोडली असती तर बेल नाही, सुतळी बॉम्ब वाजला असता," म्हणे. मधात ट्रान्सफॉर्मर लागतो, नाहीतर वायर विसरा आणि बॅटरीवरच चालवा. आम्ही विसरलो. त्याच पुस्तिकेत स्वतः लावल्यानं वॉरंटी जाते असं कुठंच नव्हतं, मी मात्र त्याच भीतीनं १९ दिवस थांबलो.

भिंत जुनी, मातीची, ड्रिल मारला की भुसा पडे आणि रावळप्लग फिरे. मग सागाचा गुटका आत ठोकून त्यात स्क्रू, साधारण चार फुटांवर. वायफायला एकदा अडलं, ही बेल फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखते, आमच्या राऊटरवर २.४ आणि ५ या दोन्ही सिग्नलचं नाव एकच, म्हणून ५ वालं तेवढ्यापुरतं बंद केलं. आणि वायफाय जोडताना मोबाईलवरचा क्यूआर कोड बेलला दाखवायचा असतो तो उन्हात दिसतच नाही, बेल काढून घरात नेऊन दाखवा, मग बाहेर बसवा. नाहीतर आमच्यासारखं छत्री धरून उभं राहावं लागेल.

आई चाईम ऐकून म्हणे, "आता दाराले बी डोये फुटले का बापा." शेजारच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "आमचं आंगन दिसते का रे तुह्यात?" दिसत होतं. खाली पाचर लावून बेल थोडी आपल्या फाटकाकडे वळवली, आणि अ‍ॅपमध्ये तेवढा भाग काळा करता येतो तो केला, त्यांना मोबाईलवर दाखवला. हे आधीच करायला पाहिजे होतं, त्या आठ दिवस बोलल्या नव्हत्या.

लाईट गेली की बॅटरी असून उपयोग नाही, राऊटरच मरतो. त्याच्यासाठी छोटा युपीएस घेतला. मे महिन्यात मात्र ४५ डिग्रीत बेलनं दगा दिला, दुपारी समोरून माणूस गेला तरी कळेना. आतला सेन्सर अंगाची गरमी पाहून माणूस ओळखतो, आणि इथं हवाच अंगाएवढी तापलेली. आमचं दार पश्चिमेला, त्यामुळं वरून टिनाचं छोटं छप्पर ठोकलं, थोडा फरक पडला.

आणि हो, रात्री दोनला सारखी नोटिफिकेशन येत असतील तर चोर म्हणून काठी घेऊन धावू नका, मी धावलो होतो. कॅमेऱ्यासमोर कोळ्याचं जाळं असते, अंधारात ते चमकते. आठवड्यातून एकदा झाडू फिरवत जा.