चॅनलवरचा एकच व्हिडिओ का चालतोय ते कळलं

माझं काम ॲक्वेरियम लावून देणं आणि सांभाळणं, त्यातही प्लांटेड. म्हणजे निळी खडी, प्लास्टिकची झाडं आणि तोंड उघडून बुडबुडे सोडणारा शिंपला ते नाही, पाण्याखाली वाढणारी खरी झाडं. गोव्यात फोंड्याला छोटं दुकान आहे पण दुकानात मी कमीच सापडतो, पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणाच्या तरी टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभा असतो. यूट्यूब चॅनल सुरू केलं २०२० च्या लॉकडाउनमध्ये, मराठीत, कारण फोनवर तेच तेच सांगून घसा बसायला लागला होता. पाणी कुठलं घालू, क्लोरीन कसं घालवू, पानं विरघळतायत काय करू.

तेव्हा चाललं बऱ्यापैकी. लोक घरात अडकलेले, कपाटावरचे जुने टँक खाली काढलेले. पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघितलं गेलं पाहिजे अशी अट होती, ती ओलांडली त्या दिवशी घरी शिरा झाला. मग लोक कामावर परत गेले आणि त्यांच्या टँकमध्ये मनी प्लांट गेला. आता नवीन व्हिडिओ टाकला की पहिल्या दिवशी बघणाऱ्यांतले निम्मे मला नावानिशी माहीत असतात आणि उरलेले माझ्या सासरचे असावेत असा संशय आहे.

रीलमुळे झालं असं सगळे म्हणतात, ते आहेच. ३० सेकंदांत कोरडा टँक, दगड, लाकूड, झाडं, पाणी, मासे, झालं जंगल तयार. आमच्या धंद्यातला एक तर मागवलेली झाडं रीलपुरती लावतो आणि दुसऱ्या दिवशी उपटून गिऱ्हाइकाला विकतो, त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त लोक बघतात आणि शंका मात्र मला येऊन विचारतात. खरं काय होतं तर नवीन लावलेलं क्रिप्टोकोरायन नावाचं झाड (आम्ही नुसतं क्रिप्ट म्हणतो) पहिल्या काही आठवड्यांत सगळी पानं टाकतं, चक्क शेंबडासारखी होऊन गळतात, कारण नर्सरीत ते पाण्याबाहेर वाढवलेलं असतं आणि त्या पानांना पाण्याखाली जगता येत नाही. मुळं जिवंत असतात, गप्प बसलात तर नवीन पानं येतात. रीलमध्ये हा भाग नसतो, मग लोक चौथ्या दिवशी झाड मेलं म्हणून उपटून टाकतात आणि मला मेसेज करतात की तुमचं झाड खराब निघालं.

पण मला दुसरंही एक कारण दिसतं. आमचे व्हिडिओ चांगले असतील तर माणूस शिकतो, आणि शिकला की जातो. टँकमध्ये लावायचा रंग बदलणारा ड्रॉप चेकर निळा म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कमी, पिवळा म्हणजे जास्त, हिरवा बरोबर, हे एकदा कळलेला माणूस परत कशाला माझं तोंड बघायला येईल? नवीन लोक येत राहिले तरच आकडा टिकतो, आणि ते येत नाहीत.

तर अशा सगळ्या उतरत्या आलेखांमध्ये गेल्या पावसाळ्यात एक व्हिडिओ वर जायला लागला. तो माझा एकमेव बिनबोलका व्हिडिओ. कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलच्या लॉबीत मी पाच फुटी टँक लावला होता, त्याचं नुसतं चित्रीकरण, ना आवाज ना माहिती. मी तो टाकला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता बघणारे फार नव्हते, पण तास बघाल तर माझ्या बाकी सगळ्या व्हिडिओंची बेरीज त्यापुढे कमी, आणि जवळजवळ सगळं टीव्हीवर. मोबाइलवर नाही, टीव्हीवर. मला वाटलं कुणी आजारी माणूस असेल, किंवा कुणी लहान मूल जेवत नसेल त्याला लावून देत असतील. घरी मी तशी थिअरी मांडलीसुद्धा.

त्या व्हिडिओबद्दल थोडं सांगतो, कारण तो शूट करताना जे केलं ते कुणी विचारत नाही. लॉबीतले दिवे रात्री दोननंतरच बंद करू देत होते, तोपर्यंत काचेत रिसेप्शन दिसतं. त्यामुळे टँकचा टायमर आधीचे काही दिवस हळूहळू पुढे सरकवत नेला, म्हणजे माशांची आणि झाडांची दुपार मध्यरात्री आली. कॅमेऱ्यामागे काळा पडदा. शटर १/५० सेकंद, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि स्वस्त एलईडी त्या हिशेबाने लुकलुकतो, नाहीतर सगळ्या चित्रावरून पट्टे सरकत राहतात. रोटाला या लाल झाडाचा रंग फुटू नये म्हणून एक्स्पोजर खाली. संध्याकाळी अर्धं पाणी बदललेलं, मग पानापानावर ऑक्सिजनचे मणी धरतात आणि एकेक सुटून वर जातो. माशांना शूटच्या आधी खायला घालायचं, नाहीतर माणूस दिसला की सगळे काचेवर येऊन भीक मागतात. आणि कार्डिनल टेट्रा थवा करून फिरत नाहीत हो मनात येईल तेव्हा, त्यासाठी बसावं लागतं. मी बसलो.

हॉटेलचा टँक सांभाळणं हा वेगळा छळ आहे. किनारपट्टीला मे महिन्यात टँकरचं पाणी, आणि प्रत्येक टँकरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, वेगळा. लॉबीचा एसी चालू तोवर पाणी २५ अंशांवर, सीझन संपला की एसी बंद आणि पाणी ३० च्या पुढे, वर पंखा लावा म्हणतात पण गोव्याच्या दमट हवेत पंख्याने पाणी फारसं उडतच नाही तर थंड किती होणार. हाउसकीपिंगवाले टँकच्या बरोबर वर एअर फ्रेशनर मारायचे, त्याचा तवंग पाण्यावर. आणि पाहुणे नाणी टाकायचे! पाणी दिसलं की आपल्या लोकांना नाणं टाकायचंच असतं. दहा रुपयांच्या नाण्याचं बाहेरचं पिवळं कडं तांब्याच्या मिश्रधातूचं असतं आणि कोळंबीला तांबं म्हणजे विष. अमानो कोळंबी मरायला लागली की मी आधी मातीत नाणं शोधायचो. पाटी लावली, तर पाटीवर लिहिलेलं वाचून लोकांना कल्पना सुचली असावी, नाणी वाढली.

मे संपताना नवीन मॅनेजरने कळवलं की पावसाळ्यात व्हिजिट नकोत, सीझनला बघू. मग सप्टेंबर संपत आला तेव्हा फोन आला, टँक काढून न्या, जागा पाहिजे. काढायचे पैसे देतो म्हणाला, त्यामुळे वाद घालायला काही उरलं नाही.

गेलो, बरोबर दोन पोरं आणि टेम्पो. आत शिरलो तर डाव्या भिंतीला माझा टँक, आणि समोर उजव्या भिंतीला हा एवढा मोठा टीव्ही, त्यावर माझाच टँक. तोच. २०२२ मधला, भरात असलेला, रोटाला लाल, मणी सुटतायत, टेट्रांचा थवा डावीकडून उजवीकडे. त्याच्या खाली सोफ्यावर एक कुटुंब बसलेलं आणि लहान मुलगी टीव्हीवरच्या माशाला बोट लावत होती. खऱ्या टँककडे सगळ्यांची पाठ.

सावंतवाडीकडचा एक मुलगा आहे तिथे हाउसकीपिंगला, मला ओळखतो. तो हळूच म्हणाला, "दादा, ह्यो तुमचोच व्हिडिओ मा? मीयाच शोधून दिलंय." त्याला वाटत होतं मला आनंद होईल. मला झालाही थोडा, खोटं कशाला बोलू. माझा आजारी माणूस आणि न जेवणारं मूल म्हणजे हा टीव्ही होता, सकाळी सातला लावतात आणि रात्री बार बंद झाला की बंद करतात.

मॅनेजर सज्जन माणूस आहे, हिंदीत बोलतो, हिशेब सरळ. टीव्हीला पाणी बदलायला लागत नाही, मासे मरत नाहीत, मरून पाहुण्यांसमोर तरंगत नाहीत. आधी त्यांनी लिस्बनच्या ओशनारियममधला तकाशी अमानोचा, म्हणजे प्लांटेड टँकच्या जपानी उस्तादाचा, टँक लावून बघितला होता म्हणे, २०१५ चा, ४० मीटर लांब आणि १ लाख ६० हजार लिटरचा, जगातल्या कुठल्याही प्लांटेडवाल्याला विचारा तो हात जोडेल. तो का काढला विचारलं, तर त्या व्हिडिओत मध्ये मध्ये लोकांची डोकी येतात. शिवाय तुमचा आपल्या हॉटेलचाच आहे ना, पाहुण्यांना सांगता येतं.

आता डाव्या भिंतीवरचा टँक. चार महिने कुणी हात लावला नव्हता, सीओटूचा सिलिंडर कधीच संपलेला, खाणं तो सावंतवाडीचा मुलगा आठवण झाली की टाकायचा. पुढच्या काचेवर हिरवं शेवाळ, लांबून बघणाऱ्याला डबकं वाटेल. रोटाला गेली होती, ती सीओटूवर जगणारी, तिचं नवल नाही. पण मी काच खरवडली आणि आत बघितलं तर क्रिप्टांनी सगळा तळ घेतला होता. क्रिप्टाच्याच जाती, वेंटी, बालान्सी, आणि आपल्या पश्चिम घाटातली स्पायरॅलिस, जी मी सत्तरी तालुक्यात ओळखीच्या एका कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) पाटातून मूठभर आणली होती, तिच्या लांब पिळाच्या पानांनी मागची अख्खी बाजू भरलेली. जावा फर्नने लाकूड गिळलेलं. कोळंबी जिवंत, नाणी पडलेली असूनसुद्धा, म्हणजे तिथे माझी थिअरी थोडी लंगडी पडते. मी सांभाळत होतो तेव्हा रोटाला पुढे दिसावी म्हणून दर आठवड्याला क्रिप्टांची पानं कापायचो. कुणी कापलं नाही तेव्हा टँक असा झाला. कॅमेरा नेला नव्हता, आणि नेला असता तरी पोरं टेम्पोवाल्याचं भाडं मोजत उभी होती.

टँक काढणं हे लावण्यापेक्षा कठीण काम. आधी मासे, माती हलवायच्या आत, कारण जुन्या मातीत खाली हवा न पोचलेले थर असतात आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड साठलेला, तो एकदम सुटला तर मासे उलटतात. पाणी वीतभर उरेपर्यंत सायफनने काढायचं, मग दिवे बंद करून दोन जाळ्या, एक स्थिर, एकीने हाकायचं. टेट्रा येतात. लोच हे तळाशी राहणारे मासे येत नाहीत, लाकडाच्या पोटात घुसून बसतात, लाकूड उचलून बादलीवर हलवावं लागतं. क्रिप्ट ओढून निघत नाही, मुळं खाली चटईसारखी विणलेली असतात, बोटं खाली घालून कापत कापत उचलायची. आणि मग माती निघाली आणि तो वास सुटला. सडक्या अंड्याचा. भर चेक-इनच्या वेळेला, लॉबीभर. मॅनेजर स्वतः एअर फ्रेशनर घेऊन धावला. मी त्याला आधीच सांगितलं होतं की सकाळी लवकर येतो, त्यानेच दुपार दिली होती, त्यामुळे मी माती काढायची घाई केली नाही.

साडेपाचशे लिटर पाणी गेलं बागेत, त्यांच्या माळ्याने आनंदाने घेतलं. १२ एमएमच्या काचेचा टँक रिकामासुद्धा शंभर किलोच्या वर, चौघांनी दारातून काढला. हे सगळं चाललेलं असताना समोर टीव्हीवर तोच टँक शांतपणे चालू होता, आणि एका पाहुण्याने मोबाइल काढून शूटिंग केलं. टीव्हीचं नाही, आमचं, चिखलात कोपरापर्यंत माखलेल्या चार माणसांचं.

तेव्हापासून डोक्यात हेच. सांभाळण्याचं महिन्याचं जे बिल मी लावायचो आणि त्या व्हिडिओच्या जाहिरातींचे जे पैसे येतात त्यांची तुलना करायला बसलो तर हसू येतं, जाहिरातींच्या पैशांत सिलिंडरसुद्धा भरून होत नाही. पण तासांचा आकडा म्हणतो की हे माझं सगळ्यात यशस्वी काम आहे. मे महिन्यातल्या तापमानावर मी जो अर्ध्या तासाचा व्हिडिओ केला, ज्यात तीन उन्हाळ्यांची मोजमापं आहेत, तो टीव्हीच्या एका सकाळीइतकाही बघितला गेलेला नाही. मित्र म्हणतो मग असलेच बनव ना, बिनबोलके, तासाचे. म्हणजे टँक विकायचे सोडून टँकची चित्रं विकायची. त्याचं चुकीचं नाही, त्यातच मार्केट आहे. पण त्या चित्रात क्रिप्ट कापलेले आहेत आणि खरं झालं होतं ते कुणी बघितलंच नाही, मी, दोन पोरं आणि तो सावंतवाडीचा मुलगा सोडून. स्पायरॅलिसची एक पिशवी त्याला दिली. घरच्या विहिरीजवळच्या टाकीत लावतो म्हणाला. बाकीची दुकानात टबमध्ये आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा, पानं गळतील आधी, उपटू नका.

परवा मॅनेजरचा फोन आला. मला वाटलं पावती पाहिजे असेल. तर म्हणाला, त्या व्हिडिओत मध्येच जाहिरात येते, गुटख्याची नाही पण तसल्याच कसल्यातरी पानमसाल्याची, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, ती काढून मिळेल का. आणि जमलं तर थोडे जास्त मासे असलेला नवीन एक द्या. मी म्हटलं मिळेल, पेनड्राइव्हवर देतो, आणि रेट सांगितला, वर्षाच्या मेंटेनन्सचा जो होता तोच. मालकांना विचारून कळवतो म्हणाला.