कॅनडातला ओव्हन आणि शहापूरचा ओटीजी

बेळगावात हल्ली ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), बऱ्याच घरांत दिसायला लागलाय, आमच्या शहापूरच्या वैनींनीपण घेतला आणि लगेच व्हिडिओ कॉल, "भावजी, तुम्ही तिकडं कॅनडात रोजच वापरता न्हवं, सांगा की नीट." आता केकच्या रेसिप्या युट्यूबवर ढिगानं पडल्यात, मी आपलं हात न भाजता आणि वायरिंग न जाळता कसं वापरायचं तेवढंच सांगतो.

मूळ भानगड अशी की आपण जाळ बघून स्वयंपाक करणारी माणसं. चुलीचा असो नाहीतर गॅसचा, जाळ विझला की काम संपलं. भट्टीचं काम आपण बेकरीवाल्याकडंच दिलेलं, दिवाळीआधी नानकटाईचं सामान घेऊन बेकरीत जायचं आणि भाजून डबे भरून आणायचे, त्यामुळं बंद पेटीतल्या आचेशी कसं वागायचं हे घरात कुणी शिकलंच नाही. ओव्हनची आच दिसत नाही, आणि बटण बंद केल्यावरपण बराच वेळ आतली जाळी, ट्रे, दाराची काच सगळं चटका बसण्याइतकं तापलेलं असतं. वैनी म्हणाल्याच, "बंद केलाय की, मग आता कशाला भ्यायचं?" भ्यायचंच, आणि घरात लहान पोरं असतील तर जरा जास्तच.

इकडं ओव्हन शेगडीच्याच खाली असतो, त्याला २४० व्होल्टची वेगळी जाड लाईन येते, बाकी घरातले साधे प्लग १२० व्होल्टचे. खाली ओढायच्या दारावर पोर चढलं तर अख्खी शेगडी पुढं कलंडू शकते, म्हणून मागं एक लोखंडी पट्टी बसवायची असते, भाड्याच्या घरात राहायला गेलं की ती आहे का नाही हे मी आधी बघतो. आणि इथल्या आपल्या लोकांना ओव्हनमध्येच कढया, तवे, डबे कोंबून ठेवायची भारी सवय, त्यामुळं चालू करायच्या आधी दार उघडून आत काय आहे ते बघायचं, हे इथं तेल-मिठाइतकंच रोजचं. गंमत म्हणजे या देशात हवामान सेल्सिअसमध्ये सांगतात आणि ओव्हन मात्र फॅरनहाइटमध्ये. म्हणून इकडच्या रेसिपीत ३५० दिसलं की ओटीजीचं बटण शेवटपर्यंत फिरवू नका, ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७७ सेल्सिअस, एवढंच.

आता तुमच्याकडचं मुख्य काम, प्लग. ओटीजी साधारण १२०० ते २००० वॅटचे येतात, २००० वॅटचा असेल तर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियरच्या आसपास करंट ओढतो, म्हणजे ६ अँपियरच्या छोट्या सॉकेटचं ते काम नव्हे, गिझरला लागतं तसलं १६ अँपियरचं मोठं सॉकेट आणि त्याला साजेशी वायर पाहिजे. आपल्या गल्लीतल्या जुन्या घरांत वायरिंग आजोबांच्या वेळचं, तिथं आधी वायरमनला दाखवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि त्यावरच मिक्सर नि फ्रिज तर नकोच नको. आणि टायमरचं बटण उलटं फिरवल्यावर बऱ्याच ओटीजीत तो आपोआप बंद होत नाही, चालूच राहतो, त्यामुळं तसं ठेवून समोरच्या घरात गप्पा मारायला जायचं नाही. पेटी भिंतीला चिकटवू नका, चारी बाजूंना आणि वर जागा मोकळी ठेवा, किती ते पुस्तिकेत दिलेलं असतं. आणि वर काही म्हणजे काही ठेवायचं नाही, आपल्याकडं सपाट जागा दिसली की टॉवेल नि मसाल्याचे डबे येऊन बसतात म्हणून सांगतो. नवीन असेल तर पहिल्यांदा खिडकी उघडून रिकामाच थोडा वेळ तापवा, वास नि धूर निघून जातो.

भांड्यांचा घोळ मायक्रोवेव्हमुळं होतो. तिथं चालणारा प्लास्टिकचा डबा इथं वितळणार, आणि तिथं न चालणारा स्टीलचा-अ‍ॅल्युमिनियमचा डबा इथं बिनधास्त चालतो. काचेचं भांडं फ्रिजमधनं काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये नको, आणि बाहेर काढल्यावर ओल्या कडप्प्याच्या ओट्यावर तर अजिबात ठेवू नका, तडकतं, लाकडी पाटावर नाहीतर जाड कोरड्या फडक्यावर ठेवा. फडकं कोरडंच पाहिजे, ओल्या फडक्यातनं उष्णता चटकन हाताला येते आणि वाफेनं भाजतं, सांडशीच्या सवयीचे लोक इथंच फसतात. दार उघडताना तोंड लांब, आधी वाफ जाऊ द्यायची.

वैनींना रताळी भाजायची होती, आपल्या बेळगाव भागात रताळ्याला काय कमी. काट्यानं टोचून, २०० सेल्सिअसला, मध्यम आकाराची असतील तर पाऊण तास. वांगंपण टोचूनच, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं. रताळ्यातनं गोड चीक गळतो आणि खाली पडून जळतो, म्हणून खाली ट्रे, नाहीतर धूर. इकडं तेवढ्या धुरानं छतावरचा अलार्म बोंबलतो आणि शेजारी दारात येतात. खरंच आत काही पेटलंच तर दार उघडू नका, स्विच बंद करा, हवा मिळाली नाही की आपोआप विझतं. पाणी ओतायचं नाही, एकतर वीज, त्यात चिकनची चरबी असेल तर भडकाच. विझलं नाही, धूर वाढायलाच लागला, तर घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ११२ ला फोन लावा.

नानकटाईचं विचारलं होतं तर १६० ते १७० ला ठेवा, कडा जरा बदामी दिसल्या की काढा, तेव्हा मऊच लागेल, कच्ची समजून परत आत घालू नका, ट्रेवरच निवू द्या. ट्रे मात्र पोरांचा हात पोचणार नाही तिथं.