दिवा लावला की तापणारे इंजिन

नौकेचे मालक इतके हवालदिल झाले होते की इंजिन उतरवण्याच्या तयारीनेच त्यांनी मला बोलावले होते. शिडाच्या नौकेत वारा पडला की सारी भिस्त त्या लहानशा डिझेल इंजिनावर असते, आणि अशाच वेळी, संध्याकाळी बंदराकडे परतताना, तापमानाचा काटा १०० अंशांच्या पुढे जाई व तेलाच्या दाबाचा काटा खाली येई. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपाचा इम्पेलर (आतले फिरते चाक), थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी झडप) आणि शेवटी तापमानाचा सेन्सरही त्यांनी बदलून पाहिला होता.

माझा पहिला संशय त्या नव्या सेन्सरवरच गेला. हा एका तारेचा सेन्सर इंजिनाच्या धातूतूनच अर्थ, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग, घेतो; आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर तो मार्ग बिघडू शकतो. येथे टेप होती खरी, पण इंजिन तापल्यावर सेन्सरची तार सोडून मल्टिमीटर लावला, तेव्हा ७० ओहमच्या आसपास रोध मिळाला. या जातीच्या सेन्सरसाठी तो साधारण ८० अंशांचा आकडा आहे, आणि थर्मोस्टॅटच्या रंगवलेल्या झाकणावर धरलेला इन्फ्रारेड तापमापकही ७८ दाखवत होता. इंजिन निरोगी होते.

पॅनेलवरचा काटा मात्र ९० च्या थोडा पुढे होता. आत अंधार वाटला म्हणून मी पॅनेलचे दिवे लावले, आणि तत्क्षणी तो टुणकन वर उडाला, तेलाचा काटा खाली आला. एवढे लोखंड आणि पाणी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तापणे शक्य नाही; दिवे बंद करताच दोन्ही काटे माघारी फिरले. बिघाड संध्याकाळीच का होतो, हे मालकांना न विचारताच कळले.

मल्टिमीटरचे एक टोक गेजच्या, म्हणजे काट्याच्या मापकाच्या, अर्थ बोल्टवर आणि दुसरे इंजिनाच्या ब्लॉकवर (धातूच्या मुख्य धडावर) ठेवले. दिवे बंद असताना ०.३ व्होल्ट, लावल्यावर १.४. तेथे जवळजवळ शून्य हवे. दिव्यांचा आणि गेजचा परतीचा प्रवाह एकाच काळ्या तारेने जात होता, आणि तिच्यातल्या रोधामुळे गेजच्या अर्थचा व्होल्टेज ब्लॉकपेक्षा वर उचलला जात होता. त्यामुळे दोन्ही सेन्सरांचा रोध गेजला खऱ्याहून कमी भासे. तापमानाच्या सेन्सरचा रोध उष्णतेने घटतो, तेलाच्या सेन्सरचा दाबाबरोबर वाढतो; म्हणून एकच दोष एका काट्याला चढवी आणि दुसऱ्याला उतरवी. मालक घाबरले यात नवल नाही, कारण जळत्या इंजिनाची लक्षणे नेमकी अशीच दिसतात.

दोष पॅनेल आणि इंजिन यांच्यामधल्या अनेक पिनांच्या कनेक्टरमध्ये सापडला. तो इंजिनाच्या मागे, खारट ओल साचते अशा जागी लोंबत होता. उघडल्यावर काळ्या तारेची पिन हिरव्या कळंकाने भरलेली दिसली. चिमटीत धरताच तिचा अर्धा भाग भुकटी होऊन बोटांवर आला.

ती पिन घासत बसण्यात अर्थ नव्हता. पॅनेलच्या अर्थपासून थेट ब्लॉकपर्यंत कल्हई केलेल्या तांब्याची वेगळी तार ओढली, टोके नीट दाबून बसवली आणि त्यांवर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवली. नंतर इंजिन अर्धा तास चालवले. मालक दिव्यांचे बटण पुन्हापुन्हा दाबून पाहत होते. काटा ८० वरून हलला नाही. काढून ठेवलेला जुना सेन्सरही मी उकळत्या पाण्यात तपासला, तर तोही अगदी ठीक निघाला.