तळहाताला टाच नसते

दोन पायांवर उभं असताना आपण सतत तोल सावरत असतो, आणि त्याचा आपल्याला पत्ताही नसतो. शरीर किंचित पुढे झुकतं, किंचित मागे जातं, आणि घोट्याभोवतीचे स्नायू ते निमूटपणे जागेवर आणतात. घोट्याच्या पुढे अख्खं पाऊल आहे, मागे टाच आहे, दोन्हीकडे टेकू. आता हात जमिनीवर टेकवून पाहा. मनगटाच्या पुढे तळवा आणि बोटं. मागे काहीच नाही. मोठेपणी हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, शिकायला निघालेल्यांच्या बऱ्याच अडचणींचं मूळ या न दिलेल्या टाचेत आहे, पण बोल मात्र बिचाऱ्या दंडांना लागतो.

ताकद लागतेच, पण वाटते तितकी नाही. कोपरं कुलूप लावल्यासारखी सरळ असली, की वजनाचा मोठा वाटा हाडं उचलतात. सरळ हातांचा प्लँक, म्हणजे तळवे आणि पायांची बोटं टेकून ताठ अंग जमिनीवर उचलून धरणं, मिनिटभर नीट जमत असेल तर सुरुवातीपुरतं बळ अंगात आहे असं समजावं. खरी मेहनत पडते बोटांवर. पाय बोटांच्या दिशेने, म्हणजे आपल्या पाठीच्या बाजूला कलंडू लागले, की बोटांची टोकं जमिनीत रुतवायची. शरीर मागे ढकललं जातं. उलट पाय पोटाच्या बाजूला, म्हणजे जिथून वर गेले तिथेच परत यायला लागले, तर बोटं निरुपयोगी ठरतात, कारण जमीन वर ओढता येत नाही. मग खांदे पुढे काढा, कोपरं वाकवा असले महागडे उपाय उरतात, आणि नवख्याला ते दोन सेकंदांपलीकडे परवडत नाहीत. म्हणून मुरलेली माणसं वजन तळव्याच्या मध्यापासून बोटांच्या मुळापर्यंतच्या पट्ट्यात ठेवतात आणि तोल जायचाच असेल तर तो बोटांकडे जाऊ देतात.

आता गंमत अशी, की प्रौढ माणसाला भीती वाटते ती नेमकी त्याच बाजूची. पाठीवर आपटण्याची. लहान मूल हलकं असतं, बुटकं असतं, पडून उठतं. मोठ्या माणसाच्या टाचा वर जातात तेव्हा जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास असतात, आणि पडल्यावर काय काय होऊ शकतं याची त्याला पुरेपूर कल्पना असते. त्यामुळे तो पाय पुरते वर जाऊच देत नाही. अलीकडच्याच बाजूला, जिथे सावरायला एकही साधन नाही तिथे, घुटमळत राहतो आणि म्हणतो, मला जमत नाही.

यावर धीर एकवटणं हा उपाय नाही. धीर काही आठवड्याला वाढत नाही. उपाय म्हणजे पडायला आधी शिकणं. पाठीच्या बाजूला तोल जातोय असं वाटताच एक हात उचलून वीतभर पुढे टाकायचा. कंबर आपसूक वळते आणि पाय एकामागून एक बाजूला उतरतात. हे आधी कमी उंचीवर करावं: हात टेकून पाय कमरेइतकेच उडवायचे आणि हात पुढे टाकत बाजूला उतरायचं, ओबडधोबड कार्टव्हीलसारखं, म्हणजे हातांवरून घेतलेल्या आडव्या कोलांटीसारखं. विचार न करता हे घडू लागेपर्यंत मोकळ्या जागेत पूर्ण उंचीचा प्रयत्न करू नये. चहूबाजूंना दोन मीटर जागा रिकामी हवी. खाली गादी घालण्याचा मोह टाळावा: मऊ पृष्ठभागावर तळवा आत धसतो, मनगट जास्त मुडपतं आणि बोटांना रेटायला काही सापडत नाही. टणक, न घसरणारी जमीन बरी.

मनगटांचं स्वतंत्र प्रकरण आहे. इथे मनगट जवळपास 90 अंशांत मागे वळलेलं असतं आणि त्यावर सगळं वजन. एरवी दिवसभरात त्याच्याकडून असं काम कुणी मागत नाही. शिवाय स्नायूंच्या मानाने स्नायुबंध आणि कंडरा सावकाश तयार होतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हुरूप वाढतो आणि मनगट कुरकुरायला लागतं. रोज चार-पाच मिनिटं आधी यांना द्यावीत. ओणवं होऊन तळवे टेकायचे, खांदे मनगटांच्या थोडे पुढे जातील असं 10-12 वेळा झुकायचं. मग बोटं गुडघ्यांकडे वळवून तितक्याच वेळा मागे. शेवटी बोटं जमिनीला चिकटलेली ठेवून तळव्याचा मनगटाकडचा भाग 15 वेळा उचलायचा. हा शेवटचा प्रकार कंटाळवाणा आहे, पण तोल सावरणारे स्नायू हेच. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला थकवा जाणवला तर ठीक. मनगटाच्या वरच्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवसापुरतं थांबावं. मनगट वळतच नसेल तर दोन बुटक्या दांड्या धरून सराव करता येतो. तिथे मनगट सरळ राहतं आणि मूठ वळलेली असल्यामुळे दोन्हीकडे जोर लावता येतो. एका अर्थी तिथे हाताला टाच मिळते. पण जमिनीवर परतल्यावर बोटांचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून.

भिंतीचा आधार सगळेच घेतात, बहुतेक जण चुकीच्या बाजूने. भिंतीकडे तोंड करून पाय उडवले की वर गेल्यावर पाठ भिंतीकडे येते, टाचा भिंतीला टेकतात, कंबर आत जाते, बरगड्या बाहेर येतात आणि अंगाचं केळं होतं. खांदे पुरते उघडत नसले की ती तूट कंबर भरून काढते. तपासायला सोपं आहे: भिंतीला पाठ आणि कंबर चिकटवून उभं राहायचं आणि सरळ हात डोक्यावर न्यायचे. कंबर न सुटता मनगटं भिंतीला लागत नसतील तर अडचण खांद्यांत आहे, आणि ती वर गेल्यावर सुटणार नाही.

सुरुवातीला पोट भिंतीकडे असावं. भिंतीकडे पाठ करून ओणवं व्हायचं, हात खांद्याइतक्या अंतरावर, बोटं फाकलेली, तर्जन्या समोर. पाय भिंतीवर चढवत न्यायचे आणि हात भिंतीपासून 40-50 सेंटिमीटरवर आणून थांबायचं. जमेल तसं हे अंतर पुढच्या काही आठवड्यांत वीतभरावर आणायचं. जमीन दूर ढकलत खांदे कानांना भिडवायचे, बरगड्या आत, कुल्ले आवळलेले, पावलं ताणलेली. नजर दोन्ही हातांच्या मध्ये, अंगठ्यांच्या किंचित पुढे; मान मागे फेकायची नाही. 20 ते 30 सेकंदांचे चार-पाच सेट, मध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती. श्वास चालू ठेवायचा. हे सांगावं लागतं, कारण उलटं झाल्यावर माणूस पहिल्यांदा श्वास रोखतो.

भिंतीपाशीच तोलाचीही शिकवणी होते. एक पाय भिंतीपासून सोडायचा, मग हातांच्या बोटांवर वजन सरकवत दुसऱ्या पायाची बोटं अलगद सुटेपर्यंत थांबायचं. लाथ मारून भिंतीपासून सुटायचं नाही. सुटका पायांनी झाली तर त्यातून काही शिकायला मिळत नाही, हातांनी झाली तर त्या दोन सेकंदांत बरंच मिळतं.

पाय उडवून वर जाणं हे वेगळं कौशल्य. एक पाय पुढे, हात जमिनीवर, आणि उडवण्याआधी खांदे मनगटांच्या बरोबर वर. मग मागचा पाय सरळ ठेवून वर झोकायचा, पुढच्याने हलकासा रेटा द्यायचा. पाय वर जाताना खांदे बोटांच्या पुढे निसटणं ही नेहमीची चूक. त्यापाठोपाठ कोपरं वाकतात आणि सगळा डोलारा कोसळतो. झोक जोराचा असला की वर थांबायला काही उरत नाही, आणि भिंत अडवून धरते म्हणून माणूस पुढच्या वेळी आणखी जोर लावतो. उलट करावं: दहा-बारा उड्या मुद्दाम कमी पडू द्याव्यात आणि जोर थोडाथोडा वाढवावा. मोबाइल बाजूला टेकवून चित्रण केलेलं बरं. आपण सरळ आहोत असं वाटतं तेव्हा आपण बहुधा सरळ नसतो.

आठवड्यात चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं, रविवारी सलग तासभर करण्यापेक्षा कितीतरी फायद्याची. दमलेले हात चुकाच गिरवतात. आधाराशिवाय दहा सेकंद थांबता यायला नियमित सराव करूनही महिने लागतात, आणि काल आठ सेकंद जमलेलं आज एकदाही न जमणं हे रोजचंच. उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये; उलटं झाल्यावर डोळ्यांतला दाब खरोखर वाढतो. बाकीच्यांनीही उतरल्यावर लगेच ताडकन उभं राहू नये. एक पाय, मग दुसरा, आणि डोकं दोन-तीन श्वास खालीच.